खांबाचं डोकं हलतं का?

माझं काम दुसऱ्यांनी केलेली डिझाइनं तपासण्याचं. पोलादी चौकटी, शेड, पाइप-रॅक, कधी एखाद्या जड मशीनखालचा स्टँड. फाइल येते, सोबत सॉफ्टवेअरचं मॉडेल येतं आणि हमखास एक रंगीत चित्र येतं. सगळे मेंबर (खांब, बीम वगैरे भाग) हिरवे. हिरवा म्हणजे पास. शेजारी रेशो (येणारा भार भागिले सोसण्याची क्षमता) लिहिलेले असतात : ०.६२, ०.७१, ०.५८. पाठवणाऱ्याच्या दृष्टीने विषय संपलेला असतो. मी पहिला प्रश्न विचारते तो ऑफिसात आता माझ्या नावावरच जमा झालाय : ‘खांबाचं डोकं हलतं का?’

नवीन मुलं आधी एकमेकांकडे बघतात. मग कुणीतरी म्हणतं, ‘मॅडम, ड्रिफ्ट लिमिटमध्ये आहे.’ ड्रिफ्ट मी विचारलेलाच नसतो. वाऱ्याने चौकट किती सरकते हा वेगळा हिशेब. मला हवं असतं ते असं : वारा नाही, भूकंप नाही, नुसतं वरून वजन आहे. अशा वेळी खांबाचं वरचं टोक बाजूला जायचं म्हणालं, तर त्याला अडवणारं कोण आहे? ब्रेसिंग (तिरके आधार) आहे, की फक्त बीम-खांबाचा कडक जोड आहे, की कुणीच नाही?

चौकटीच्या स्थैर्यातला निम्म्याहून जास्त भाग या एका प्रश्नात येतो असं माझं मत झालंय. आणि सॉफ्टवेअर हा प्रश्न स्वतःहून विचारत नाही, म्हणून तो माणसाने विचारायचा.

आकडे घेऊनच बोलू. एक साधं पोर्टल. दोन खांब, वर एक बीम. खांब ५ मीटर उंच, बीम १० मीटर लांब, तिन्हींना एकच सेक्शन (छेदाचा आकार) : इनर्शिया (तो आकार वाकण्याला किती विरोध करतो तो आकडा) ५,००० सेंटिमीटरचा चतुर्घात, क्षेत्रफळ ६० चौरस सेंटिमीटर. पोलादाचा ई (पोलाद स्वतः किती कडक आहे तो आकडा) दोन लाख न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. हे आकडे मी मुद्दाम असे निवडलेत, कारण ईआय (ई आणि इनर्शियाचा गुणाकार) बरोबर १०,००० किलोन्यूटन-मीटर वर्ग येतं आणि त्याला उंचीच्या वर्गाने भागलं की ४०० किलोन्यूटन. पुढचं बरंचसं तोंडी होतं. दोन्ही खांबांचे पाय पिन, म्हणजे बिजागरीसारखे फिरू शकणारे, धरू. चौकटीच्या प्रतलाबाहेर खांब कसा वाकेल ते सध्या बाजूला ठेवू, नाहीतर पोस्ट कधी संपायची नाही.

पोलाद २५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरला यील्ड होतं (कायमचं नमतं) धरलं, तर हा खांब निव्वळ दाबाने नमवायला १,५०० किलोन्यूटन लागतात. ही झाली सेक्शनची ताकद. ती कॅटलॉगमधून निघते, चौकटीशी तिचा संबंध नाही.

आता बकलिंग, म्हणजे दाबाखाली पोलाद न नमताच खांबाने कलणं किंवा वाकणं. चौकटीला ब्रेसिंग आहे, खांबाचं डोकं बाजूला जाऊच शकत नाही, असं धरलं तर प्रत्येक खांबाचा क्रिटिकल लोड (ज्या वजनाला बकलिंग होतं ते) सुमारे ४,६४० किलोन्यूटन येतो. नमण्याच्या लोडच्या तिपटीहून जास्त. म्हणजे इथे पोलादच आधी हात टेकेल, बकलिंगची फार काळजी नको. ब्रेसिंग काढून टाका. तोच खांब, तोच बीम, तेच पोलाद, तीच उंची. क्रिटिकल लोड सुमारे ५७० किलोन्यूटन.

आठ पट फरक. आणि ५७० हा आकडा १,५०० च्या बराच खाली आहे, म्हणजे खांबाचा शेवट कसा होणार हेही बदललं. आधी तो पोलाद नमून गेला असता, आता तो पोलाद धडधाकट असताना आडवा होईल. (खऱ्या खांबात उरलेले ताण आणि मूळचा वाकडेपणा यांमुळे दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळतात, आणि दोन्ही आकड्यांपेक्षा थोडं आधीच आटोपतं. पण चित्र हेच.)

सॉफ्टवेअरमध्ये के फॅक्टर (बकलिंगच्या हिशेबात खांब खऱ्या लांबीच्या किती पट धरायचा तो आकडा) कुणी हात न लावता १ राहू दिला, तर त्याच्या लेखी या खांबाचा ऑयलर लोड (सूत्रातून येणारा क्रिटिकल लोड) ३,९४८ किलोन्यूटन. प्रत्यक्षात आहे ५६९. या पोर्टलला के साधारण २.६३ लागतो. हिरवा रंग कुठून येतो ते इथे दिसतं. पुस्तकात पाहून २.० घातला तरी पुरत नाही, कारण २.० हा बीम अनंत कडक असेल तर. त्याने ९८७ येतात. आपला बीम खांबाएवढ्याच सेक्शनचा आणि दुप्पट लांब आहे, तो स्वतःच वाकतो, आणि खांबाच्या डोक्याला हवा तेवढा धरून ठेवत नाही.

म्हणून ‘या खांबाची कपॅसिटी किती’ असं कुणी विचारलं, की मला उत्तर देता येत नाही. कुठल्या चौकटीत उभा आहे ते सांगा.

हे का होतं, ते मला स्वतःला सूत्रांपेक्षा स्टिफनेसच्या (हलवताना होणाऱ्या विरोधाच्या) वजाबाकीतून जास्त पटलं. वरचाच खांब घ्या, पण आता पाय पक्का रोवलेला आणि डोकं न फिरता फक्त सरकू शकणारं. डोक्याला आडवं ढकललं तर विरोध किती? १२ ईआय भागिले उंचीचा घन. आपल्या आकड्यांत ९६० किलोन्यूटन प्रति मीटर. म्हणजे एक मिलिमीटर सरकवायला जवळजवळ एक किलोन्यूटन. आता खांबावर वजन ठेवा. डोकं जरा सरकलं की ते वजन पायाच्या रेषेतून बाहेर जातं आणि सरकण्याच्या दिशेनेच आणखी ढकलायला लागतं. म्हणजे वजन हा उणे चिन्हाचा स्टिफनेस झाला. त्याचं नेहमीचं सूत्र आहे : ६ पी भागिले ५ एल (पी म्हणजे वजन, एल म्हणजे खांबाची उंची). आपल्या ५ मीटरच्या खांबाला दर १,००० किलोन्यूटन वजनामागे २४० किलोन्यूटन प्रति मीटर वजा.

१,००० ठेवले, ९६० चे ७२० राहिले. २,००० ठेवले, ४८०. ३,००० ला २४०. ४,००० ला शून्य. शून्य म्हणजे डोकं बाजूला न्यायला काहीच लागत नाही, जिथे सोडाल तिथे राहील. हाच क्रिटिकल लोड. काटेकोर उत्तर π वर्ग गुणिले ४००, म्हणजे ३,९४८. वजाबाकीतून आलेले ४,००० त्याच्यापेक्षा जेमतेम सव्वा टक्का जास्त. शाळेतली वजाबाकी आणि एवढी जवळची बेरीज! ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी दिवसभर त्याच तंद्रीत होते.

याच हिशेबात एक खाच आहे, आणि ती मॉडेलं तपासताना वारंवार भेटते. खांब सरळ काठीसारखा कलला असं समजून वजाबाकी केली तर वजा होणारा आकडा ६ पी भागिले ५ एल नसून नुसता पी भागिले एल येतो. मग दर हजारामागे २४० ऐवजी २०० च जातात आणि शून्य व्हायला ४,८०० लागतात. खऱ्यापेक्षा साडेएकवीस टक्के जास्त. फरक आला कुठून? खांब कलताना तो सरळ राहत नाही, त्याच्या मधल्या लांबीतही वाक येतो, आणि त्या वाकावरही वजन काम करतं. डोक्याच्या सरकण्याचा परिणाम वेगळा आणि मधल्या वाकाचा परिणाम वेगळा. काही प्रोग्रॅममध्ये ‘पी-डेल्टा’ची (सरकलेल्या वजनाच्या परिणामाची) खूण केली तरी फक्त पहिला हिशेबात येतो. उपाय सोपा आहे : खांबाचे तीन-चार तुकडे करून मॉडेल करा. मधले नोड आपापले सरकतात आणि वाक आपोआप पकडला जातो. ‘पी-डेल्टा ऑन केलंय’ असं उत्तर आलं की माझा पुढचा प्रश्न असतो, ‘खांबाचे तुकडे किती?’

ज्यांना आकड्यांचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी माझ्या टेबलावर एक खेळणं आहे. पोलादाच्या दोन पातळ पट्ट्या, लांबीला हातभर, खाली लाकडाच्या ठोकळ्यात घट्ट खोचलेल्या, वर दुसरा ठोकळा. रिकामी चौकट बोटाने ढकलली की टर्रकन परत येते आणि थोडा वेळ थरथरते. वर एक वही ठेवा. परत येते, पण सावकाश. आणखी एक. झोका आणखी संथ होतो, बोटाला लागणारा विरोध मऊ पडत जातो. (झोका संथ होण्यात वाढलेल्या वस्तुमानाचाही वाटा आहे, म्हणून नुसत्या झोक्याकडे न बघता बोटाच्या टोकाला काय लागतं तिकडे लक्ष द्यायला सांगते.) एक वेळ अशी येते की चौकट जिथे नेऊन ठेवाल तिथे, तिरकी, तशीच उभी राहते. तिला सरळ व्हायचीही घाई नाही आणि पडायचीही. मग एक साधा कागद ठेवला तरी पुरतो.

यात बघण्यासारखं हे, की पडल्यावर पट्ट्या काढून पाहिल्या तर त्या सरळच असतात. कुठे मोडलेल्या नाहीत, कुठे नमलेल्या नाहीत. ताकद होती तेवढीच आहे.

दुसऱ्या खेपेला मी चौकटीच्या कोपऱ्यांतून दोन दोरे तिरके बांधते, फुलीसारखे. दोरा फक्त ताण घेतो, म्हणून दोन लागतात, एकेका बाजूसाठी एकेक. शिवणाचा दोरा चालतो, फक्त ढिला नको. आता त्याच वह्या, वर आणखी वह्या, वर एखादं जाडजूड पुस्तक. डोकं हलत नाही. बरंच वजन चढवल्यावर पट्ट्या मधोमध फुगायला लागतात, आणि ते फुगणं बघून मुलांचे डोळे मोठे होतात, कारण तोपर्यंत सगळ्यांनी ‘बकलिंग’ म्हणजे कलणं एवढंच धरलेलं असतं. बकलिंगचा आकार एक नसतो. चौकट सगळ्यात कमी विरोधाचा आकार शोधते. तुम्ही तो बंद केला की ती पुढच्याकडे वळते, आणि पुढच्यासाठी जास्त वजन लागतं.

लिओनहार्ड ऑयलरने एकट्या खांबाचा हा प्रश्न १७४४ मध्येच सोडवला होता. चौकटींचं गणित त्यानंतर जवळजवळ दोन शतकं वेगळ्या वाटेने गेलं. हार्डी क्रॉसने १९३० मध्ये मोमेंट डिस्ट्रिब्यूशनची (वाकवणारा जोर, म्हणजे मोमेंट, जोडांमध्ये वाटत जाण्याची) पद्धत अवघ्या दहा पानांत मांडली आणि जगभरचे इंजिनिअर पेन्सिल घेऊन चौकटी सोडवायला लागले. आम्हीही कॉलेजात त्याच पद्धतीवर घासून निघालो. जॉइंट लॉक करा, सोडा, अर्धा मोमेंट पलीकडे पाठवा, पुन्हा लॉक करा. ‘स्वे’ (चौकटीचं बाजूला सरकणं) हा त्यात शेवटचा, वेगळा, बहुतेकांनी परीक्षेत सोडून दिलेला प्रश्न. आणि सगळ्या गणितात खांबाचा स्टिफनेस ४ ईआय भागिले एल, नाहीतर ३ ईआय भागिले एल, कायमचा. खांबावर वजन किती आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

खरं तर आहे. आपला पिन पायाचा खांब घ्या, डोकं बाजूला जाऊ देऊ नका, फक्त फिरवून बघा. बिनवजनाचा असताना फिरवायला ३ ईआय भागिले एल एवढा विरोध. वजन वाढवत न्या, विरोध कमी होत जातो. ३,९४८ किलोन्यूटनला तो शून्य. त्यापुढे उणे. उणे म्हणजे खांब आता जॉइंटला धरत नाही, जॉइंटने खांबाला धरायचंय. वर ब्रेसिंगवाल्या पोर्टलसाठी मी ४,६४० लिहिले, तिथे ३,९४८ पर्यंत खांब स्वतःच्या पायावर आहे, वरचे सुमारे ७०० बीमच्या जिवावर. कोण कुणाला सांभाळतंय हे मध्येच उलटतं, आणि ड्रॉइंगवर त्याची काही खूण नसते. वजनाबरोबर बदलणारे हे स्टिफनेस तक्त्यांच्या रूपाने १९५६ मध्ये लिव्हस्ली आणि चँडलर यांनी छापले. आता ते काम मशीन करतं, पण मॉडेल तपासायला बसले की वजनाबरोबर विरोध घटत जातो हा आलेख मी अजून हाताने काढते. त्यातून जे लक्षात येतं ते रंगीत चित्रातून येत नाही.

आता एका प्रकाराबद्दल, ज्यावर मी सगळ्यात जास्त शेरे मारते. पोर्टलच्या शेजारी साधे खांब असतात, वर-खाली दोन्हीकडे पिन. डिझाइन करणारा म्हणतो, हे ग्रॅव्हिटी कॉलम आहेत, यांना मोमेंट नाही, के १, पास. खांब म्हणून पास आहेतही. पण ते स्वतःच्या बळावर उभे राहू शकत नाहीत. गर्दीत एखादा दमलेला माणूस शेजाऱ्याच्या खांद्यावर रेलावा तसे ते पोर्टलवर रेललेले असतात. त्यांच्यावरचं वजन कललं की आडवं ढकलणं पोर्टललाच सोसावं लागतं. आपल्या पोर्टलचे दोन खांब मिळून साधारण १,१४० किलोन्यूटन सांभाळतात. शेजारच्या पिन खांबांवर मिळून ६०० किलोन्यूटन असतील तर ढोबळमानाने पोर्टलच्या वाट्याला उरले ५४०, एकेका खांबाला २७०. पोर्टलच्या खांबांवर एक किलोन्यूटनही न वाढवता त्यांची कपॅसिटी अर्ध्याहून खाली आली. पोर्टलचं मॉडेल सुटं काढून तपासलं तर हे कधीच कळणार नाही. पोर्टल टू-डीमध्ये सोडवलेलं दिसलं की मी म्हणूनच आधी विचारते, ‘याच्यावर कोण कोण रेललंय?’

बरं, क्रिटिकल लोड ५७० आहे आणि खांबावर प्रत्यक्षात १९० च आहेत, मग काळजी कसली? तिप्पट मार्जिन! हा युक्तिवाद मी बऱ्याच मीटिंगांत ऐकलाय. तिप्पट मार्जिन असलं तरी आडव्या लोडने येणारे स्वेचे मोमेंट दीडपट होतात. सूत्र छोटं आहे : १ भागिले (१ उणे १/३). वाऱ्याने १०० आले असतील तर १५० धरा. आणि वारा नसला तरी चौकट मुळात ओळंब्यात उभी नसतेच. युरोकोडच्या (युरोपातल्या बांधकाम-नियमांच्या) २००५ च्या आवृत्तीत सुरुवातीचा कल २०० त १ धरायला सांगितलाय (उंची आणि खांबांची संख्या बघून तो कमी होतो). ५ मीटरला २५ मिलिमीटर. तिप्पट मार्जिनवर ते ३७ च्या पुढे जातात. याच कोडात दहापट मार्जिन असेल तर इलॅस्टिक अ‍ॅनालिसिसमध्ये हा दुय्यम परिणाम सोडून द्यायला परवानगी आहे, आणि तिपटीच्या खाली गेलात तर वरच्या सोप्या सूत्रानेही काम भागवू नका असं बजावलंय. दहा आणि तीन. हे दोन आकडे माझ्या फळ्यावर कायम लिहिलेले असतात.

वाक वाढत जाणं म्हणजे काय, याची इतिहासातली सगळ्यात कडू साक्ष कॅनडातल्या क्युबेक पुलाची आहे. तो पूल, चौकट नव्हे, पण दाबाखालच्या मेंबरांचं गणित तेच. १९०७ च्या ऑगस्टमध्ये, पूल अजून बांधला जात असताना, खालच्या कॉर्डच्या (पुलाच्या खालच्या कडेच्या) एका मेंबराचा वाक आठवड्याभरात पाऊण इंचावरून दोन इंचांवर गेलेला साइटवर मोजला गेला. मेंबर आधीपासून वाकडाच आला असेल का, यावर चर्चा चालली. पण आधीपासूनचा वाकडेपणा आठवड्यात वाढत नाही. वाढतोय, याचा अर्थ स्टिफनेस संपत आलाय. २९ ऑगस्टला पूल नदीत कोसळला, ७५ कामगार गेले. मेंबराच्या बरगड्या एकत्र बांधणाऱ्या जाळीच्या पट्ट्या फार किरकोळ होत्या.

ब्रेसिंगबद्दल बोलताना मी दुसरं उदाहरण देते, अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या सिव्हिक सेंटरचं. छप्पर म्हणजे पोलादी स्पेस फ्रेम (तिन्ही दिशांत गुंफलेली मेंबरांची जाळी), जमिनीवर जोडून वर उचललेली. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या वजनाखाली ती खाली आली. आदल्या संध्याकाळी तिथे बास्केटबॉलचा सामना झाला होता, सुमारे पाच हजार प्रेक्षक होते. पहाट असल्यामुळे कुणी गेलं नाही. वरच्या थरातल्या दाबाखालच्या मेंबरांना मध्यावर आधार आहे असं डिझाइनमध्ये धरलं होतं. प्रत्यक्षात तिथले जोड असे होते की तो आधार काही ठिकाणी अर्धामुर्धा आणि काही ठिकाणी एकाच प्रतलात मिळत होता. मधला आधार गेला की मेंबराची लांबी दुप्पट, आणि क्रिटिकल लोड चौथाई. मला यात जास्त टोचतं ते हे, की बांधकामाच्या वेळीच फ्रेमचा झोळ हिशेबाच्या साधारण दुप्पट भरला होता. चौकट सांगत होती, तुमचं मॉडेल म्हणजे मी नव्हे. लोकांनी मॉडेलवर विश्वास ठेवला.

मी ड्रॉइंगमध्ये ब्रेसची जाडी सगळ्यात शेवटी बघते. आधी बघते तो कुठे सुरू होतो, कुठे संपतो, आणि संपतो त्या ठिकाणी दुसरं काय आहे. जाडी क्वचितच प्रश्न असते. कॉर्नेलचे जॉर्ज विंटर यांनी १९५८ मध्ये दाखवलं की ब्रेसला लागणारं बळ फार थोडं असतं, पण स्टिफनेस हवाच, आणि वाकड्या खांबासाठी आदर्श हिशेबाच्या दुप्पट तरी हवा. आपल्या खांबावर नमेपर्यंतचे १,५०० किलोन्यूटन आहेत आणि त्याला दुसरा कुठलाही आधार नाही असं समजा. आदर्श स्टिफनेस १,५०० भागिले ५, म्हणजे ३०० किलोन्यूटन प्रति मीटर. दुप्पट धरा, ६००. वीस मिलिमीटर व्यासाची एक सळई ४५ अंशांत बांधली तर तिचा आडवा स्टिफनेस ४,४०० च्या आसपास. सातपट. म्हणजे ब्रेस परवडत नाही असं सहसा नसतं. तो ढिला असतो, टर्नबकल (ताण देणारा पेच) आवळलेला नसतो, किंवा दार मोठं हवं म्हणून एका रविवारी काढून टाकलेला असतो. आणि उभारणीच्या काळात तो अजून लावायचा असतो. चौकटी तेव्हाही पडतात, बोल्ट हाताने फिरवून ठेवलेले असताना, कारण डिझाइन पूर्ण झालेल्या इमारतीचं केलेलं असतं आणि उभी आहे ती अर्धी.

मागे एका तरुण सहकाऱ्याने मला सुनावलं की माझा प्रश्न जुना झाला. अमेरिकन स्टील कोडने २००५ मध्ये परिशिष्टात आणि २०१० पासून मुख्य पद्धत म्हणून डायरेक्ट अ‍ॅनालिसिस आणलंय, त्यात सगळीकडे के १ च असतो. बरोबर आहे. मला ती पद्धत आवडतेही. के च्या तक्त्यांत बसणाऱ्या चौकटी तशाही फार नसतात. पण त्यात के १ ही सवलत फुकट मिळत नाही. चौकटीचा कल किंवा त्याऐवजी वजनाच्या ०.२ टक्के आडवा लोड मॉडेलमध्ये घालायचा, स्टिफनेस ०.८ ने गुणायचा आणि दुय्यम परिणामांसकट सोडवायचं. आपलं पोर्टल तसं सोडवलं तर ५६९ चे ४५५ होतात, १९० साठी मार्जिन २.४ वर येतं, आणि दीडपट होणारा मोमेंट १.७ पट होतो. म्हणजे डोकं हलतं का हा प्रश्न के मधून निघून मॉडेलमध्ये गेला, एवढंच. त्याच्या मॉडेलमध्ये के १ होता. बाकीचं काही नव्हतं. ते त्याला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, ‘सॉफ्टवेअरने विचारलंच नाही.’

त्या कामात चौकटीच्या प्रतलात ब्रेस टाकता येणार नव्हता, खालून गाड्या जायच्या होत्या. बीम वाढवून पाहिला. वरच्या पोर्टलच्या भाषेत सांगायचं तर बीमचा इनर्शिया दुप्पट केला की ५७० चे ७३० होतात. पाय पक्के केले तर सरळ २,४००. मोह होतोच. पण पाय पक्के म्हणजे बेस प्लेट जाड, बोल्ट लांब, आणि फाउंडेशनवर मोमेंट. शिवाय ‘पक्का’ पाय कधीच पूर्ण पक्का नसतो. के चे आलेख वापरणारे पायाच्या सैलपणाचा आकडा पक्क्या पायाला शून्याऐवजी १ आणि पिनला अनंताऐवजी १० घेतात ते याचमुळे. मी शेऱ्यात लिहिलं की पाय फिक्स्ड धरायला हरकत नाही, पण फाउंडेशन किती फिरेल ते स्प्रिंग म्हणून मॉडेलमध्ये दिसलं पाहिजे. फाउंडेशनवाल्यांनी विचारलं, माती किती मऊ धरू? सध्या फाइल माती तपासणाऱ्यांच्या टेबलावर आहे.